तांबड्या दिव्याची भवानी

आमच्या टेस्टिंगच्या कोपऱ्यात पाच हॉर्सपॉवरची एक जुनी मोटर होती आणि तिचं काम एकच, रोज सकाळी नापास व्हायचं. आत तिची एक तार मुद्दाम सोलून बॉडीला टेकवून ठेवली होती. कारखान्याचा भोंगा झाला की हवालदार आधी तिला टेस्टिंगला लावायचे. मीटरचा काटा धाडकन खाली आला की "झालं, आपला मीटर शुद्धीवर हाय" म्हणायचे, तिला बाजूला ढकलायचे आणि मगच दिवसाच्या खऱ्या मोटरी घ्यायचे. त्या मोटरीला ते मास्तर म्हणायचे.

हवालदार म्हणजे आमचे टेस्टर. फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढून पेन्शनीत आलेले, गाव कोरेगावकडं, खाकी पँटीची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. हत्यार एकच, मेगर. हँडल हाताने गरगर फिरवायचं आणि वायंडिंगातली, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीतली, वीज बाहेरच्या लोखंडी बॉडीत झिरपते का ते काट्यावर बघायचं, अशी ती लाकडी पेटी. ती ते कुणाला उचलू देत नसत.

मी सांगलीहून डिप्लोमा करून साताऱ्याबाहेरच्या त्या कारखान्यात लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पहिल्याच आठवड्यात मी हवालदारांना विचारलं, "नापास होणारी मोटर रोज तपासून काय मिळतं हो? वेळ फुकट."

ते म्हणाले, "सायेब, पोरांची परीक्षा मीटर घेतो. मीटरची परीक्षा कोन घेनार? मास्तर घेतो. आन एक सांगू? आपल्या मोटरीला हात लावनारा मानूस पान्यात हुबा आसतो. पायात चप्पल बी नसती त्येच्या."

मी मान डोलावली आणि विसरून गेलो. शिकलेला माणूस ऐकतो कुठं!

आमच्या मोटरी उसाच्या पट्ट्यात जायच्या. कराड, वाळवा, शिराळा, मिरज, सगळीकडं विहिरींवर आणि नदीकाठी पंप बसत होते. मागणी एवढी, की वायंडिंग खात्यातनं मोटरी निघायच्या आणि हवालदारांच्या मेगरपाशी येऊन तुंबायच्या. मी मालकांना म्हणालो, मला आठ महिने द्या, टेस्टिंग आपोआप करून दाखवतो.

आणि दाखवलं. कपाटाएवढं पॅनल, आत रिले आणि टायमर, सगळं वायरिंग माझ्या हातचं. मोटर आत ठेवायची, वायरी लावायच्या, जाळीचं दार लावायचं, एक बटन दाबायचं. पुढचं सगळं पॅनल करणार. आधी वायंडिंग मोजणार, मग वायंडिंग आणि बॉडीच्या मधे भरपूर व्होल्टेज सोडणार. वीज बॉडीत गळाली तर तांबडा दिवा आणि घंटा. नाही गळाली तर मोटर थोडी फिरवून हिरवा दिवा. हवालदारांना तासाभरात जेवढ्या व्हायच्या तेवढ्या मी पंधरा मिनिटांत काढायला लागलो. छाती ही अशी फुगली होती. आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट ही. सगळ्यांच्याच अंगात काहीतरी संचारलं होतं, माझ्या जरा जास्तच.

खंडेनवमीला पॅनलची पूजा ठरली. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, मालक सहकुटुंब आणि मालकांचे काका. हे काका म्हणजे घराण्यातलं मोठं माणूस, पागोटं बांधून आलेले. नारळ फुटला, काका म्हणाले, "चालवा बघू तुमचं यंत्र." आणि मी काही बोलायच्या आत हवालदारांनी सवयीनं मास्तर आत ढकलला, दार लावलं, बटन दाबलं.

तांबडा दिवा लागला. घंटा तर अशी कोकलली, की मालकांच्या धाकट्या मुलीनं कानांवर हात ठेवले. काकांचं तोंड कडू झालं. "पहिल्याच घासाला खडा," ते म्हणाले. "दुकानदार सकाळची भवानी चांगल्या गिऱ्हाईकानं करतो, तुमी नापासानं करता व्हय?" मालक माझ्याकडं बघत राहिले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं आणि मग हवालदारांचा असा संताप आला, की सांगता सोय नाही.

सगळे गेल्यावर मी फर्मान काढलं. उद्यापासनं दिवसाची भवानी चांगल्या मोटरीनं होणार. आणि ती चांगली मोटर कोणती? तर मास्तर! त्याला मी वायंडिंग खात्यात पाठवला, नवी तार भरून घेतली, रंग दिला, वर हळदीकुंकू. मास्तर सुधारला, असं मी चारचौघांत म्हणालो आणि सगळी पोरं हसली. हवालदार नाही हसले.

"सायेब, आता तुमचं पॅनल खोटं बोललं तर कळायचं कसं?"

"पॅनल खोटं बोलत नाही, हवालदार. खोटं माणसं बोलतात."

हे मी बोललो. याच तोंडानं बोललो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. काकांना वाईट वाटू नये, मालकांपुढं माझा दिवा हिरवा दिसावा, एवढ्यासाठी मी पॅनलची परीक्षा घेणारी एकुलती एक वस्तू काढून टाकली होती. आणि मला वाटत होतं, मी कारखान्याचा अपशकुन घालवला.

रोज सकाळी सुधारलेल्या मास्तराला फूल वाहायचं, बटन दाबायचं. हिरवा. सगळे खूश.

दसऱ्यानंतर एकदा एक मोटर ट्रॉलीवरून उतरवताना निसटली आणि फरशीवर आदळली. झाकण चेपलं, रंग खरवडला. अशी मोटर दुकानात पाठवत नसत, कामगारांपैकी कुणाला हवी तर सवलतीत देत. हवालदारांनी हात वर केला. त्यांची लेक शिराळ्याच्या अलीकडं एका गावात दिलेली. जावयाच्या विहिरीवर इंजिन होतं, ते म्हातारं झालेलं. लेकीला ते तीन वर्षं म्हणत होते, तुझ्या रानात लाईटची मोटर बसवून देतो. मोटर मिळणार म्हटल्यावर त्यांचं तोंड असं उजळलं, की मलाही बरं वाटलं.

पडलेली मोटर म्हणून मी ती पुन्हा पॅनलवर घेतली. हिरवा. तरी हवालदार कपाटाकडं गेले आणि मेगरची पेटी घेऊन आले.

"ते कशाला?" मी म्हणालो.

"पडल्याली हाय सायेब. एकदा हातानं बघतो."

"पॅनलनं आत्ता तुमच्यासमोर पास केली. माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

अख्खं खातं बघत होतं. फौजेतला माणूस, साहेबाचा मान चारचौघांत राखायचा हे अंगात भिनलेलं. "तसं न्हाई सायेब," ते म्हणाले आणि पेटी उघडलीच नाही, तशीच कपाटात परत ठेवली. रविवारी जावई ट्रक घेऊन आला आणि मोटर घेऊन गेला.

मंगळवारी लेकीचं कार्ड आलं. बुधवारी वायरमन मोटर बसवणार, गुरुवारी दुपारी बाराला पूजा, आबा तुम्ही याच. त्यांच्याकडं रीत अशी, की मोटर चालू करायची, पहिलं पाणी पाटात पडलं की घरच्या लक्ष्मीनं चालत्या मोटरीला कुंकवाची पाच बोटं उठवायची आणि हात लावून नमस्कार करायचा. हवालदार कार्ड घेऊन माझ्याकडं रजा मागायला आले. दिवाळीचा माल निघायचा होता. मी नाही म्हणालो. त्यांनी कार्ड घडी घालून खिशात ठेवलं.

गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमारास ट्रॉलीवाल्यानं चुकीची मोटर आणून पॅनलवर ठेवली. वायंडिंग खात्यानं तिच्यावर खडूनं फुली मारली होती, पण फुली पलीकडच्या बाजूला. वायरी लावल्या, बटन दाबलं. हिरवा. मोटर बाहेर काढताना हवालदारांना फुली दिसली. त्यांनी वाकून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सायेब, हिच्या खाचंत कागदच घातल्याला न्हाई. तार उघडी पडलीया, बॉडीला टेकलीया."

"मग तांबडा लागायला पाहिजे," मी म्हणालो. किती मूर्खासारखं बोललो!

मी ती परत लावली. हिरवा. तिसऱ्यांदा लावली. हिरवा! पॅनल बंद करून मागचं दार उघडलं आणि मोठं व्होल्टेज मोटरीपर्यंत नेणारी वायर हातात घेतली. वरनं धडधाकट. दोन बोटांत धरून वाकवली तर एका जागी ती नुसती मऊ लागली. आत तांबं तुटलेलं. वरचं प्लॅस्टिक तेवढं शाबूत.

मोटरीपर्यंत व्होल्टेज पोचतच नव्हतं. पोचत नाही तर गळणार कुठनं? गळत नाही म्हणजे पॅनलच्या मते मोटर चांगली. माझ्या यंत्राला मोटर चांगली आहे आणि आपली तपासणीच झाली नाही, यातला फरक कळत नव्हता. तो फरक रोज सकाळी मास्तर सांगायचा. मास्तराला मी रंग देऊन फूल वाहत बसलो होतो.

वायर कधी तुटली? ते कळायला मार्ग नव्हता. रजिस्टर उलटं चाळत गेलो. व्होल्टेजनं नापास झालेली शेवटची मोटर अकरा दिवसांपूर्वीची. त्यानंतर सगळ्या पास. मी म्हणायचो, बघा, वायंडिंग खातं कसं सुधारलं!

"अकरा दिवस," मी मोठ्यानं म्हणालो. आणि मान वर केली तर हवालदारांचा हात खिशातल्या कार्डावर होता. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून गेले होते.

"पूजा बाराला हाय," ते म्हणाले.

गावात फोन नाही. शिराळ्याला ट्रंक कॉल लावला, तो लागेना. तार केली असती तर ती संध्याकाळी पोचली असती. मालकांना मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ओरडायला लागले, मधेच थांबले आणि किल्ली टेबलावर टाकून म्हणाले, "जीप घ्या. गेलेल्या मोटरींच्या तारा मी सोडतो सगळ्या दुकानदारांना. निघा आधी."

साताऱ्याहून कराडापर्यंत हवालदार समोरच्या रस्त्याकडं बघत बसले होते. मेगरची पेटी मांडीवर, दोन्ही हात पेटीवर. मला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या घालाव्यात, थोबाडीत मारावी, काहीतरी करावं. कराडला उसाच्या गाड्या आडव्या आल्या. मी हॉर्न वाजवून वाजवून शेवटी खाली उतरलो आणि गाडीवानांवर इतका ओरडलो, की एकानं माझ्याकडं बघून बैलांची वेसणच धरली. पेठ नाक्याला साडेअकरा. तिथनं वळल्यावर हवालदार म्हणाले,

"ती शिराळ्याकडची लोकं नागपंचमीला नागाला हात घालत्यात सायेब. जिवंत नागाला. मोटरीला काय भिनार?"

मी जीप आणखी जोरात सोडली.

गावात शिरलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. विहिरीकडची वाट चिंचोळी, जीप बांधालाच अडकली. हवालदार पेटी घेऊन पळत सुटले. पन्नाशी उलटलेला माणूस, नांगरलेल्या रानातनं पळत होता. मी मागं. लांबनं माणसं दिसली, रंगीत लुगडी, आंब्याचं तोरण. कुणी रडत नव्हतं. मोटरीचा आवाजही नव्हता. मला काही समजेना.

"आलं, आलं! आबा आलं!" लेक ओरडली. उभी होती, हसत होती. हातात पूजेचं ताट, कोपरापर्यंत हात ओले, पाय अनवाणी. पाटात कळशीनं पाणी ओतून जागा सारवल्यासारखी केली होती, त्या चिखलात ती उभी होती.

जावई पुढं आला. "मामा, काय ह्यो खेळ बगा. साडेअकराला लाईट गेली ती गेलीच. कोयना हितं हाताच्या अंतराव आन आमीच अंधारात. वाट बगून बगून म्हातारी म्हनली, टायम टळंल, पूजा तेवढी करून घ्या. घेतली करून."

मोटर झोपडीवजा छपरात बाभळीच्या लाकडी चौकटीवर बसवली होती, पंपाला पट्ट्यानं जोडलेली. चेपलेल्या झाकणाच्या वरच्या अंगाला कुंकवाची पाच बोटं. अजून ओली होती.

मी आधी अर्थिंगची वायर शोधली. नव्हती. कुठंच नसायची. आणि मग स्टार्टर दिसला. हिरव्या बटनात आगपेटीची काडी खोचलेली होती, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी. मघाशी ती लेक त्या बॉडीला ओल्या हातानं कुंकू लावत होती, हात जोडत होती, आणि कोयनेकडनं लाईट कुठल्याही क्षणी यायची होती.

मी काडी काढायला पाऊल उचललं आणि मोटर गुरगुरली. लाईट आली.

माणसांनी एकच गलका केला. पट्टा फिरला, पंपानं दोनदा ओकारी दिल्यासारखं केलं आणि पाणी पाटात पडलं. "चांगभलं!" कुणीतरी ओरडलं. आणि लेक, तिला नमस्कार चालत्या मोटरीला करायचा होता ना, ती ताट खाली ठेवून हात पुढं करून निघाली.

हवालदारांच्या तोंडातनं जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि ऐकू नये. त्यांनी पेटी टाकली, लेकीला कमरेला धरून मागं ओढली आणि दोघं चिखलात पडली. म्हातारी सासू म्हणाली, "व्याही, आवं काय झालं तुमास्नी?"

मी खिशातला टेस्टर काढला, वीज असली की आतला दिवा पेटतो तो पेचकस. रबरी सोलचे बूट होते पायात, तरी लाकडाच्या फळीवर चढलो. टेस्टरचं टोक त्या पाच बोटांतल्या मधल्या बोटावर ठेवलं.

दिवा भगभगून पेटला.

मी काय बोललो आठवत नाही. जावयाने मेन स्विच पाडला. मोटर थांबल्यावर हवालदार उठले, पेटी उघडली, मेगरच्या वायरी लावल्या आणि हँडल फिरवलं. काटा धाडकन खाली आला. पडली तेव्हाच चेपलेलं झाकण आत वायंडिंगच्या कडेवर टेकलं होतं. पॅनलनं ती तपासलीच नव्हती. ते परत परत हँडल फिरवत राहिले, जणू काटा एकदा तरी वर राहील. मग चिखलातच बसले.

"म्या पेटी परत कपाटात ठिवली," ते म्हणाले. "पोरीच्या मोटरीला म्या मेगर लावला न्हाई."

स्वतःलाच म्हणत होते. मी तिथंच, सगळ्या गावासमोर त्यांच्या पायाशी बसलो आणि ढसाढसा रडलो. लेक तर आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. तिला कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं आपला कुंकवाचा हात उलटा करून बघितला आणि पदराला पुसायला लागली, पुसतच राहिली.

अकरा दिवसांतल्या सगळ्या मोटरी परत आल्या. आणखी दोन गळत्या निघाल्या, दोन्ही अजून दुकानातच होत्या. आठवड्यानं आम्ही लेकीकडं दुसरी मोटर नेली. त्या वेळी हवालदारांनी मेगर लावला, मी अर्थिंगचा खड्डा खणला, आणि चालू केल्यावर बॉडीवर आधी माझा हात मी ठेवला. मग तिला म्हणालो, आता ताई तुम्ही. तिनं नमस्कार लांबनंच केला.

चेपलेली मोटर आम्ही कारखान्यात आणली होती. दुरुस्तीला पाठवायला निघालो, तर हवालदार आडवे आले. तिच्यावरची कुंकवाची पाच बोटंही त्यांनी पुसू दिली नाहीत. पुढची सगळी वर्षं दिवसाची भवानी तिनंच झाली. मालकांचे काका पुन्हा एकदा आले, तांबडा दिवा बघून काही म्हणायला तोंड उघडलं. मालकांनी त्यांचा हात धरून त्यांना त्या बोटांपाशी नेलं.

बटन रोज मीच दाबायचो. त्या पाच बोटांकडं बघत उभा राहायचो आणि तांबडा लागल्याशिवाय दुसऱ्या मोटरीला पॅनलपाशी येऊ द्यायचो नाही.